औषधाच्या डबीची बिजागरी

४ फेब्रुवारी

टिटवे,

पाकीट बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, मामीची जीभसुद्धा. फोन का नाही केला म्हणशील. आयुष्यभर मशीनच्या आवाजावर ओरडून माझा आवाज असा चढलाय की खाली कारखान्यात कुजबुजलो तरी मधल्या मजल्यावर तुझ्या मामीला आणि वरच्या मजल्यावर तुझ्या आईला स्पष्ट ऐकू जातं. ही गोष्ट ताईच्या कानावर जायला नको. तिच्या जिवाला घोर नको, दुसरं काही नाही.

सोबत चाळीस तुटकी झाकणं पाठवली आहेत. तू ओळखशीलच. आपली सात खणांची औषधाची डबी, सोमवार ते रविवार, प्रत्येक वाराला एक झाकण. डबी आणि झाकणं एकाच तुकड्यात येतात आणि मधे जी कागदाहून जराशी जाड पट्टी असते तीच बिजागरी. ना खिळा ना तार. वीस वर्षांत एक तक्रार नव्हती. आणि आता गेल्या पाच महिन्यांत नुसता पाऊस पडतोय तक्रारींचा. एका आजोबांचा बुधवार तुटला. एका आजीबाईंचे चार वार एकदम हातात आले. एकानं लिहिलंय की त्याच्याकडे फक्त रविवार शिल्लक आहे.

डब्या घेणारी कंपनी आता हातघाईवर आली आहे. १५ एप्रिलला त्यांचा तपासनीस इथे येणार, चालू मशीनवरून स्वतःच्या हातानं डबी उचलणार आणि त्यांच्या उघडझाप करायच्या यंत्रावर लावणार. दहा हजार वेळा टिकली तर ठीक, नाहीतर काम दुसरीकडे. बाकी आपल्याकडे आहे काय? बाटल्यांची बुचं. त्यावर अकरा माणसं पोसली जात नाहीत. डब्या गेल्या की कारखान्याला कुलूप घालायचं आणि किल्ली गळ्यात बांधून फिरायचं.

प्लॅस्टिकचा दाणा तोच, साचा तोच, मशीन तेच. कोणाची नजर लागली कळत नाही. तू प्लॅस्टिकमध्ये डॉक्टर झालीस तेव्हा मी म्हणालो होतो, प्लॅस्टिकला काय ताप येतो का? शब्द मागे घेतो. बघ जरा त्याची नाडी.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पार्सल आलं. आमच्या प्रयोगशाळेच्या रखवालदारानं ते उघडून बघितलं आणि मला विचारलं, बाई, हा केर इकडे कशाला मागवलात? मी म्हटलं, हा केर माझ्या मामाचा आहे, हात लावू नका.

आता नीट ऐक, आणि मामीला ऐकवायला जाऊ नकोस, तुझं अर्धं लक्ष तिकडे जातं. आपला दाणा म्हणजे लांबच लांब रेणू, साखळ्यांसारखे. दाणा वितळला की सगळा गुंता. थंड होताना त्या साखळ्या स्वतःवरच घड्या घालत थर बनवतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केलेस तर त्यातले दहा भाग, एवढी एका थराची जाडी. पुढे हे थर एकत्र येऊन त्यांचे गोल गोळे बनतात. म्हणजे दाणा तोच असला तरी वस्तू तीच होईल असं नाही. साखळ्या आत कशा बसल्या यावर ती चिवट होणार की ठिसूळ हे ठरतं. तुझी बिजागरी तुटते ती तिथे, आत. बाहेरून तुला नुसता बुधवार तुटलेला दिसतो.

तुझ्या झाकणांवर वाकल्या जागी पांढरी रेघ आहे, बघितलीस? तो रंग नव्हे. आतमध्ये बारीक बारीक भोकं पडली आहेत, त्यांनी उजेड विखुरतो म्हणून पांढरं दिसतं. साखळ्या सरकायच्या ऐवजी फाटल्या आहेत.

आता एक शक्यता. वितळलेला माल सावकाश थंड झाला तर गोळे मोठे होतात आणि वस्तू ठिसूळ होते. चटकन थंड झाला तर गोळे बारीक राहतात. साच्यातून फिरणारं पाणी पूर्वीपेक्षा कोमट झालंय का?

(मागे बघ)

पाण्याचं तापमान मला कळव. दर तासाला एक, असे दोन दिवसांचे आकडे पाहिजेत. तोवर काही म्हणजे काही बदलू नकोस.

आईला सांगत नाही. पण तिनं मागच्या पत्रात लिहिलं होतं, "मला विश्रांती दिली आहे." बरं केलंस. वीस वर्षं त्या मशीनपाशी बसून पाठीचा काटा ढिला झाला असेल तिचा.

टिटवी


२५ फेब्रुवारी

टिटवे,

"काही बदलू नकोस" हे पानाच्या मागच्या बाजूला होतं. मी पान उलटायच्या आधीच बर्फवाल्याला सांगून आलो होतो.

आठ लाद्या. पाण्याच्या टाकीत सोडल्या. म्हटलं चटकन थंड म्हणजे किती चटकन, होऊन जाऊ दे. साच्याला असा घाम फुटला की खाली तळं साचलं. दोन माणसं सर्दीनं घरी बसली आहेत आणि तिसरा घसरून बुचांच्या पोत्यावर पडला, लागलं नाही, पण बुचं आठ दिवस निघत होती त्याच्या कपड्यांतून. झाकणं मात्र काय दिसायला लागली म्हणून सांगू! चकाचक. मी मामीला म्हणालो, भाची कोणाची आहे? ती म्हणाली, आधी उघडझाप करून बघा, मग भाची कोणाची ते सांगा.

मग तिलाच बसवलं मोजायला. आधीची झाकणं साधारण नऊशे वेळा टिकत होती. बर्फातली दीडशेला गेली. काही सोमवार तर पट्ट्यावरून पेटीत पडतानाच निखळले.

बर्फ बंद केला. आकडे आणि दोन कोऱ्या डब्या सोबत पाठवल्या आहेत. पाणी पूर्वीइतकंच आहे, पूर्वीचे आकडे वहीत आहेत, पडताळून बघितले. आता काय करू? मशीनची जागा बदलू का? एक जण म्हणतो तोंड भिंतीकडे आहे म्हणून असं होतंय.

सात आठवडे राहिले. झोप म्हणून लागत नाही.

मामा


६ मार्च

प्रिय मामा,

मशीनचं तोंड आहे तिकडेच राहू दे.

तुझ्या बर्फानं एक चांगलं काम केलं, ते पुढे सांगते. आधी माझं. माझ्याकडे आपल्याच कारखान्यातली जुनी डबी होती, वसतिगृहात गेले तेव्हा आईनं दिलेली. औषधं कुठली, मी तिच्यात केसांच्या पिना ठेवते. बारा वर्षं रोज उघडतेय. जिवावर आलं, पण तिचा शनिवार कापला आणि तुझ्या नव्या झाकणाशेजारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

मामा, बघायला हवं होतंस तू. नव्या झाकणाच्या बिजागरीत सगळे गोळे जसेच्या तसे आणि मधून फाटलेले. जुन्यात गोळे नाहीतच! घड्या उलगडून साखळ्या एका दिशेनं, विंचरलेल्या केसांसारख्या, डबीकडून झाकणाकडे शेजारी शेजारी झोपलेल्या. अशी पट्टी लाखो वेळा वाकते. मी क्ष-किरणांनी पुन्हा तपासलं. तेच.

या साखळ्या आपणहून अशा झोपत नाहीत. पट्टी वाकवून ताणावी लागते, आणि तीही गरम असताना. गरम असली की साखळ्या सरकतात, गार झाली की फाटतात. म्हणूनच बर्फातली झाकणं लवकर गेली, आणि त्यावरूनच मला हे सुचलं. पट्टी इतकी पातळ असते की साच्यातून बाहेर पडल्यावर जेमतेम काही सेकंद हातात मिळतात.

म्हणजे पूर्वी तुझ्या कारखान्यात प्रत्येक झाकण गरम असतानाच वाकवलं जात होतं, आणि आता वाकवलं जात नाही. साचा वाकवत नाही, तो मी लहानपणापासून बघितलाय. मग कोण? आणि तू लिहितोस "पट्ट्यावरून पेटीत". कसला पट्टा? मी दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा तिथे पट्टा नव्हता. काहीच बदललं नाही म्हणतोस, मग हा पट्टा काय आकाशातून पडला? त्याच्या आधी तिथे काय होतं?

खरं सांग.

टिटवी


१३ मार्च

टिटवे,

पट्टा किरकोळ आहे. रबरी आहे. डब्या साच्यातून पडतात त्या थेट पेटीत नेतो. सप्टेंबरात एका सल्लागाराच्या सांगण्यावरून बसवला. माणूस हुशार आहे, गळ्यात घड्याळ घालून हिंडतो. त्याचा आणि बिजागरीचा संबंध नाही.

त्याच्या आधी तिथे एक स्टूल होतं.

इकडे हवा बरी आहे. मामीचे गुडघे दुखतात. तू जेवतेस ना वेळेवर?

मामा


१५ मार्च

आई,

तुझ्या जिवाला घोर नको म्हणून मामानं तुला सांगू नको म्हटलं होतं. पण आता मला वेगळाच वास येतोय. डब्यांची झाकणं तुटताहेत आणि १५ एप्रिलच्या तपासणीत नापास झाली तर कारखाना बंद पडणार आहे. तू मशीनशेजारच्या स्टुलावर बसून नक्की काय करायचीस? मला वाटत होतं तू झाकणं बघून चांगली-वाईट निवडतेस.

आणि ही विश्रांती तू घेतलीस की तुला कोणी दिली?

तुझी टिटवी


२१ मार्च

टिटवे,

घोर वगैरे काही नाही. मला सगळं माहीत आहे. तुझा मामा गुपित बोलतो तेव्हा शेजारच्या गल्लीतले लोक खिडक्या लावून घेतात.

निवडायला काय ज्ञान लागतं? मी डबी साच्यातून सुटली की हातात घ्यायचे आणि सातही झाकणं एकदम, दोनदा पूर्ण मिटायचे. एवढंच. पहिल्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की गरम असताना मिटलेली डबी कधी परत येत नाही, आणि जेवायच्या सुट्टीत तशीच राहिलेली गार झाल्यावर मिटली तर पांढरी रेघ पडते. मग एकही तशी सोडली नाही. पहिल्यांदा मिटताना पट्टी जरा अडते, मग सोडते. सोडली की बोटाला कळतं. दुसऱ्यांदा अडत नाही. आत काय होतं ते तुझं तू जाणे. मी मशीनच्या ठेक्यावर करत होते, काम एक क्षण थांबलं नाही.

सप्टेंबरात तो घड्याळवाला आला. माझ्यामागे उभा राहून मोजलं आणि धाकट्याला, तुझ्या मामाला, म्हणाला, इथे दर डबीला चार सेकंद वाया जातात. माझे चार सेकंद त्याला दिसले. आणि तुझा मामा अकरा माणसांसमोर मला म्हणाला, "ताई, टाळ्या वाजवणं पुरे झालं. इथे काम चालतं, खेळ नाही." टप टप आवाज यायचा ना मिटताना, त्याला तो टाळ्या म्हणाला.

मी उठले. वर आले. सहा महिने झाले, आम्ही बोललेलो नाही. काही सांगायचं असलं की मामी वर-खाली करते, म्हणून तिचे गुडघे गेले.

सांगणार होते मी. पण सांगायला गेले असते तर म्हणाला असता, परत यायला निमित्त काढतेय. कोणीतरी म्हातारं माणूस गोळ्या सांडून बसत असेल हे मनात येतं आणि घास गिळवत नाही. पण खाली मान घालून त्या जिन्यानं उतरणं मला जमत नाही, काय करू.

आता तुझं. रागावू नकोस. तू सुट्टीत यायचीस, माझ्याशेजारी खोक्यावर बसून तासन्‌तास साखळ्यांच्या गोष्टी सांगायचीस. मी हो हो म्हणत झाकणं मिटत होते. इतकी शिकलीस, पण एकदाही विचारलं नाहीस, आई, हे तू काय करतेस?

आई


२७ मार्च

मामा,

आईचं पत्र आलं. वाचून मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. तुझ्यावर चिडले होते, पण रडले स्वतःसाठी. माझ्या डोळ्यांसमोर वीस वर्षं ती बिजागरी बनवत होती आणि मी तिला बिजागरी समजावून सांगत होते!

काल तू पाठवलेल्या कोऱ्या डब्यांची दहा झाकणं तापवली आणि आईनं लिहिलंय तसं गरम असतानाच दोनदा मिटली. तीस हजारांनंतर आमचं यंत्र दुसऱ्या कोणाला हवं होतं म्हणून बंद केलं. एकही तुटलं नाही. आत बघितलं, साखळ्या विंचरलेल्या.

तर औषध हे आहे. गरम असताना, दोनदा. माझी सगळी पदवी एका ओळीत बसली आणि तीही आईची निघाली. पट्टा काढ. आणि तिच्याकडे जा. "जिवाला घोर नको" म्हणे! खोटारडा.

टिटवी


३ एप्रिल

ताई,

मी हे पत्र टपालानं पाठवतोय. मधे चौदा पायऱ्या आहेत, ठाऊक आहे. पाय चढतात, तोंड चढत नाही.

टिटवीचं पत्र आल्यावर आधी म्हटलं, आपणच करून बघू. एका दिवसात उजव्या हाताला तीन फोड आले. मामीनं लोणी लावलं आणि त्यावर हसली. उशिरा मिटलं तर रेघ पडते, लवकर मिटलं तर झाकण वेडंवाकडं होतं. घड्याळवाल्याला म्हटलं, तुम्ही बसा, तुम्हाला सेकंद कळतात. तो सोळाव्या झाकणाला उठला आणि अजून आलेला नाही. घड्याळ इथेच राहिलंय.

ताई, मी गाढव आहे. तू गेल्यापासून त्या मशीनचा आवाजसुद्धा बरा वाटत नाही. तू खाली ये. स्टूल पुसून ठेवलंय.

धाकटा


७ एप्रिल

धाकट्या,

पत्र मिळालं. टपालवाल्यानं पत्ता दोनदा वाचला आणि मला विचारलं, खाली आणि वर एकच घर आहे ना? मी म्हटलं, होतं.

चारचौघांत बोललास. चारचौघांत माग. टपालानं नको.

फोडांवर लोणी लावत नाहीत, त्यानं आग वाढते. गार पाण्यात हात धर. हे पत्र मामीबरोबर पाठवत नाही, तिचे गुडघे मला हवे आहेत. मीही तिकीट लावलंय.

ताई


१८ एप्रिल

टिटवे,

तारखेमागून तारखा गेल्या तरी तुझा मामा येईना. मी रोज सकाळी आवरून बसत होते आणि स्वतःलाच शिव्या घालत होते. अकरा घरांची चूल माझ्या मानापेक्षा मोठी आहे हे मला काय कळत नाही? चौदाच्या रात्री ठरवलं, सकाळी आपणच उतरायचं. मान गेला खड्ड्यात.

पंधराला सकाळी चपला घातल्या आणि खालचं मशीन एकदम बंद झालं. मशीन चालू असायला हवं होतं, तपासनीस यायचा होता. मग जिन्यावर पावलं वाजली, एकाची नाही, पुष्कळ. दार उघडलं तर पुढे तुझा मामा, हाताला पट्टी, आणि त्याच्यामागे एकेका पायरीवर एकेक माणूस, अकराच्या अकरा. सर्दीवाले दोघे नाक ओढत होते. मधेच मामी एका हातानं कठडा धरून. आणि सगळ्यांत खाली एक अनोळखी गृहस्थ हातात यंत्राची पेटी घेऊन वर बघत होते. तेच तपासनीस. बिचारे लवकर आले आणि रांगेत सापडले.

मामा बोलायला लागला. तुला त्याचा आवाज माहीत आहे. म्हणाला, "ताई, मी चुकलो. तू टाळ्या वाजवत नव्हतीस. तू बिजागरी बनवत होतीस. मला कळलं नाही, आणि मी तुला विचारलं नाही." अख्ख्या गल्लीनं ऐकलं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली.

मी म्हटलं, "ओरडतोस कशाला? ऐकू येतं मला." डोळे भरून आले होते, समोरचा एक माणूस मला दोन दिसत होता. त्याचेही भरले होते. मामी खालून ओरडली, रडणं नंतर, साचा गार होतोय.

उतरले. सात महिन्यांनी हात चालतील का ही भीती होती. पहिल्या तीन डब्या वाया गेल्या. चौथीची पट्टी बोटाखाली अडली आणि सुटली, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तपासनीसांनी सातवी डबी उचलली आणि यंत्रावर लावली. दहा हजार दुपारी झाले. धाकटा तोवर सोळा वेळा पाणी प्यायला. तपासनीस म्हणाले, चालू राहू दे, मलाच बघायचंय. संध्याकाळी पंचवीस हजारांवर त्यांनी हातानं बंद केलं, कारण त्यांची गाडी होती. बुधवार शाबूत, सगळे वार शाबूत. काम आपल्याकडेच राहिलं.

जाताना त्यांनी कामाच्या पायऱ्यांचा कागद मागितला. त्यात ही पायरी नव्हतीच, कधीच नव्हती. धाकट्यानं तिथल्या तिथे पेन काढून लिहिली, "गरम असताना दोनदा मिटणे," आणि पुढे माझं नाव. ते म्हणाले, इथे नाव लिहायची पद्धत नाही. धाकटा म्हणाला, आमच्याकडे आजपासून आहे. मी कारखान्यातल्या दोघींना शिकवायला घेतलंय. एकीला दुसऱ्याच दिवशी कळलं, पट्टी कधी सोडते ते. तिनं माझ्याकडे बघितलं तेव्हाच मी ओळखलं.

तपासनीसांनी मला विचारलं, बाई, याचं शास्त्र काय? मी म्हटलं, ते माझ्या मुलीला विचारा. पण रात्रभर ते डोक्यातून जाईना. वीस वर्षं रोज हजार वेळा ते माझ्या बोटांखाली घडलं आणि मी एकदाही पाहिलेलं नाही. तू म्हणतेस साखळ्या उलगडतात आणि शेजारी शेजारी झोपतात. मला ते बघायचंय. नुसतं चित्र पाठवू नकोस. मी माझ्या हातानं मिटलेलं झाकण घेऊन येते, ते तुझ्या त्या यंत्राखाली ठेव आणि मला सावकाश दाखव. काही कळलं नाही तर मी विचारीन, आणि तू विचारशील तेव्हा मी सांगेन.

दहा दिवसांची सुट्टी धाकट्यानं आपणहून दिली आहे. गाडीचं तिकीट काढ, खिडकीजवळचं.

आई